डाव्या दारावरचे थर

"तिसरा थर झाला की रे! गाडीला काय लग्नाला न्यायचंय?"

नोंदणीवाल्या ताईंनी ऑफिसच्या खिडकीतून विचारलं, पण शेडखाली गाडीच्या डाव्या दारापाशी उकिडव्या बसलेल्या माणसाने मान वर केली नाही. त्याने मेणाच्या स्प्रेची बाटली हलवली, दारावर दोनदा दाबली आणि ते बारीक तुषार रंगावर बसतात न बसतात तोच मऊ फडक्याने पसरवून टाकले. मग फडक्याची कोरडी बाजू वर घेऊन तो घासू लागला. आधी उभे हात, मग आडवे.

हॉस्पिटलात सगळे त्याला चकाचक म्हणत. एकोणीस वर्षं तो तिथली शववाहिनी चालवत होता आणि त्याच्या ताब्यातली काळी गाडी आरशासारखी असे. रडत रडत गाडीशी आलेली माणसं दारात स्वतःचाच चेहरा बघून क्षणभर थबकत. "गाडी मेलेल्यांची, पण ठेवलीय कशी जिवंत!" असं एकदा मोठे डॉक्टर म्हणाले होते आणि ते वाक्य पुढे कितीतरी दिवस हॉस्पिटलभर फिरत होतं. चकाचक नुसता हसला होता. गाडी आपण एवढी का घासतो, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आज सकाळी सात वाजता ताईंनी त्याच्या हातात चिठ्ठी दिली होती. घरीच वारलेला माणूस, अकरा वाजता न्यायचा.

"आडनाव तुझंच दिसतंय," ताई म्हणाल्या होत्या.

"एका आडनावाची पुष्कळ माणसं असतात."

"लांब पडत असेल तर दुसऱ्या गाडीला पाठवते."

"नको. त्या गाडीच्या काचा बघितल्यात का तुम्ही? मीच जातो."

चिठ्ठीवर त्याच्या थोरल्या भावाचं नाव होतं.

दादा गाड्या रंगवायचा. ठोकलेले पत्रे सरळ करून त्यावर असा रंग चढवायचा की मालकालाही मार कुठे बसला होता ते सापडू नये. धाकट्याला त्यानेच हाताशी घेतलं, फडकं धरायला शिकवलं. "मेण पातळ लावावं," तो म्हणायचा. "एक थर लावला की त्याला सुकू द्यावं, मग दुसरा. आणि तिसऱ्यानंतर थांबावं. पुढे मेण चढत नाही, नुसतं फडकं झिजतं." धाकट्याला रंगाचा वास सोसेना, म्हणून तो ड्रायव्हर झाला आणि फिरत फिरत या गाडीवर आला. दादाला ते आवडलं नव्हतं, पण तो बोलला नाही. सणकी माणूस, तरी भावावर जीव होता.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. चकाचक एक फेरी पोचवून रिकाम्या गाडीने परतत होता. वाटेवरच दादाचं घर. वहिनी कधीची म्हणत होती, दुपारचं जेवायला या म्हणून. त्याने गाडी सरळ दारात लावली. आपल्याच भावाचं दार, त्यात विचार काय करायचा!

दादाची सात वर्षांची मुलगी तीन आठवडे तापाने अंथरुणाला खिळली होती. त्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं, म्हणून शाल गुंडाळून ती पायरीवर बसली होती. गाडी बघून ती उठून आली.

"काका, यात बसून कुठे जातात?"

"लांब."

"आणि परत?"

"तू आधी शाल नीट घे बघू."

तिने गाडीच्या डाव्या दारावर तोंडाने वाफ सोडली आणि बोटाने त्यात एक चेहरा काढला. दोन ठिपके म्हणजे डोळे, एक सरळ रेघ म्हणजे तोंड.

"हे तुम्ही."

"मग हसत का नाहीये?"

"गाडी चालवताना हसायचं नसतं," ती म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली.

पाचव्या दिवशी ती गेली. तिला न्यायला दुसरी गाडी आली होती. चकाचक धावत पळत पोचला तेव्हा दादा दारात उभा होता. चारचौघांदेखत त्याने याच्याकडे बोट केलं. "तू आणलीस ती गाडी माझ्या दारात. तूच नेलीस तिला. पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस."

त्याने टाकलं नाही. दुःखात माणूस काहीही बोलतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रोज ऐकत होता तो. पण हे बोलणं त्याच्या काळजात रुतलं. दादा म्हणाला ते खोटं कशावरून, असं त्याला एकटं असताना वाटायला लागलं.

त्यानंतर एका दमट सकाळी त्याने शेड उघडली आणि डाव्या दारावर दव धरलेलं दिसलं. त्या दवात दोन ठिपके होते आणि एक सरळ रेघ.

बोटाचा तेलकटपणा रंगावर राहतो, हे त्याला माहीत होतं. त्याने दार साबणाने धुतलं, पॉलिश केलं, वरून मेण मारलं. पुढच्या दमट सकाळी चेहरा पुन्हा तिथेच. त्याने पुन्हा पुसला. चार वर्षांपूर्वी फाटकाच्या खांबाला घासून दार खरवडलं, तेव्हा हॉस्पिटलने ते पत्र्यापर्यंत तासून नव्याने रंगवून घेतलं. चकाचकचा जीव भांड्यात पडला. आठवड्याने सकाळी थंडी पडली आणि नव्या रंगावर तो चेहरा जुन्याच जागेवरून बघत होता. त्याने वॉचमनला हाक मारली.

"इथे काही दिसतं का रे?"

वॉचमनने डोळे बारीक केले. "दिसतं ना. तुझंच थोबाड."

पुन्हा त्याने कुणाला विचारलं नाही. मेणाच्या बाटल्या मात्र तो स्वतःच्या पगारातून आणू लागला.

आणि आज वहिनी पायऱ्या उतरून येणार होती. दारात गाडी लावली की डावी बाजूच तिच्यासमोर येणार. सकाळपासून हवा ओली होती. तिला ते दिसलं तर?

तिसरा थर सुकला. त्याने बोटाच्या मागच्या बाजूने दार चाचपलं आणि चौथ्यांदा बाटली उचलली. घासता घासता त्याला दाराच्या काळ्या रंगात दादा दिसला. तेच कपाळ, तेच बसलेले गाल. तो दचकून मागे सरला, तसा दादाही सरला. मग त्याच्या लक्षात आलं, मुलगी गेली तेव्हा दादाचं जे वय होतं, ते आता आपलं झालंय.

"पुरे की. फडकं झिजतंय नुसतं," दादाचा आवाज अगदी कानाशी आला.

"मग काय करू मी? तूच सांग ना!"

हे तो मोठ्याने बोलला. ताई ऑफिसातून निघून तडक शेडमध्ये आल्या.

"कुणाशी बोलतोयस?"

तो फडक्याकडे बघत राहिला. "माझा दादा गेला, ताई. ती चिठ्ठी त्याचीच होती."

ताई दोन पावलं जवळ आल्या. मग वाकून त्यांनी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली. "ऊठ. हात धू. वाट बघत असतील तुझी."

दादाची गल्ली आली तेव्हा अकराला पाच कमी होते. त्याने गाडी कोपऱ्यावरच थांबवली. घरासमोर जमलेल्यांपैकी एक शेजारी हात हलवत पुढे आला.

"पुढे घ्या, अजून पुढे!"

"इथवर उचलून आणा. गल्ली अरुंद आहे."

"अरुंद? अहो, परवा सिमेंटचा ट्रक आला होता इथे!"

चकाचक गाडीतून उतरून डाव्या दारापाशी जाऊन उभा राहिला, दार पाठीने झाकून. तेवढ्यात माणसं बाजूला झाली आणि वहिनी चालत कोपऱ्यापर्यंत आली. केस सगळे पांढरे झाले होते.

"भाऊजी, गाडी दारात आणा."

"वहिनी, दादा म्हणाला होता, की..."

"काय म्हणाले ते मी ऐकलंय. मीही तिथेच होते." तिने पदराने तोंड पुसलं. "महिनाभर सांगत होते, की न्यायला त्यालाच बोलवा. दुसऱ्याच्या धुळकट गाडीत मी जायचा नाही. म्हणून तुमच्याच हॉस्पिटलात कळवलं, तुमचं नाव घ्यायचा मात्र धीर झाला नाही."

"मग जिवंतपणी एक फोन नाही केला?"

"केले की. शेजाऱ्यांच्या फोनवरून आकडे दाबायचे, तुमचा आवाज ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. मी म्हणायचे, अहो, बोला. तर म्हणायचे, कुठून सुरुवात करू?"

वर्षातून चार-सहा वेळा येणारे ते मुके फोन. तो दर वेळी चिडून "कोण आहे?" म्हणायचा. तो दारापासून बाजूला झाला.

"वहिनी, तिने इथे चेहरा काढला होता. त्या दिवशी. तो जात नाही. अकरा वर्षं पुसतोय मी, जात नाही."

आत्ताही त्याला तो स्पष्ट दिसत होता, चार थरांखालून. दोन ठिपके आणि सरळ रेघ. वहिनी वाकली. डोळे अगदी दाराजवळ नेऊन तिने बराच वेळ बघितलं.

"मला नाही दिसत," ती हळूच म्हणाली. मग सरळ होऊन त्याच्याकडे बघत राहिली. "घरभर काढायची हो ती. आरशावर, खिडक्यांवर, स्टीलच्या डब्यांवर. तुमच्या गाडीवर काढला म्हणून गेली होय?"

त्याचा हात सवयीने खिशातल्या फडक्याकडे गेला.

"हेही रोज सकाळी उठून घरातल्या काचा पुसायचे. मी म्हणायचे, स्वच्छ तर आहेत. तर म्हणायचे, तुला दिसत नाही." तिचा आवाज फाटला. "दोघे भाऊ दोन ठिकाणी पुसत बसलात. आणा गाडी दारात."

त्याने गाडी दारात आणली. दादाला उचलताना एक बाजू त्याने स्वतः धरली. आजारात दादा इतका हलका झाला होता, की त्याला जोर लावावाच लागला नाही. वहिनी पुढे, त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. वाटेत वळणावर गाडी हळू घेतली की ती मागे वळून काचेतून बघायची.

स्मशानाच्या फाटकाशी खिडकीतल्या कारकुनाने नेहमीसारखं रजिस्टर पुढे सरकवलं. दोघांची इतक्या वर्षांची ओळख. "काय चकाचक, आज वेळेत? कर सही तुझ्या जागी."

त्याने ड्रायव्हरच्या रकान्यात सही केली आणि पेन वहिनीपुढे धरलं. खाली नातेवाइकाची सही असते. वहिनीने रजिस्टर पुन्हा त्याच्याकडे वळवलं.

"इथेही तुम्हीच करा."

त्याने सही केली. पुढच्या रकान्यात मृताशी नातं लिहायचं होतं. हजारो माणसांना त्याने ते लिहिताना बघितलं होतं. त्याने सावकाश, एकेक अक्षर वेगळं काढत लिहिलं, 'धाकटा भाऊ'.

कारकुनाने रजिस्टर ओढून घेतलं, शिक्का उचलला आणि वाचता वाचता त्याचा हात थांबला. बाहेर माणसांनी दादाला उचललं होतं, फाटक उघडलं होतं. चकाचक सवयीने गाडीकडे वळला. गाडी सोडून ड्रायव्हरने आत जायचं नाही असा नियम होता, आणि एकोणीस वर्षांत तो त्या फाटकाच्या पलीकडे कधी गेला नव्हता.

कारकून खिडकी सोडून बाहेर आला. त्याने हात पुढे केला.

"किल्ली दे इकडे. गाडीपाशी मी थांबतो."