कळू नये असा गुलाबी

सुभद्रानं कोमट पाण्याच्या वाडग्यात आधी स्वतःची बोटं बुडवून पाहिली, मग शकुनचा डावा हात अलगद उचलून पाण्यात सोडला.

"पोळते काय वं?"

"नाई. बरं वाटते."

दुपारचं ऊन परसातून आत येऊन बाजेच्या पायाशी थांबलं होतं. शकुन दोन उशांना टेकून बसली होती. उजवा हात तिनं तिसऱ्या उशीवर ठेवला होता, एखादी जड वस्तू ठेवावी तसा. खांद्यापासून बोटांपर्यंत तो सुजला होता. कातडी ताणून चकचकीत झाली होती आणि नखं निळसर-पिवळी, जाड पडली होती. त्या हातातल्या बांगड्या नागपूरच्या दवाखान्यात कापून काढल्या होत्या. गाठीसाठी छातीची उजवी बाजू काढली, विजेचे शेक दिले, आणि चार महिन्यांनी बगलेत पुन्हा गाठ आली. आता काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी सुभद्राच्या नवऱ्याला, महादेवरावांना, बाजूला घेऊन सांगितलं होतं. शकुनला घरात सगळे सांगत, वारं धरलं आहे, सूज उतरेल.

"रंग कोनता लावू?" सुभद्रानं विचारलं. "दोन बाटल्या हाय. एक लाल, एक बिनरंगाची."

"लाल नोको वयनी. फिका कर. गुलाबी."

"गुलाबी तं मिसळून करता येते. किती फिका?"

शकुननं थोडा विचार केला. "लावला हाय हे कळू नये, इतका."

सुभद्राला नवल वाटलं. आजवर तिच्यापुढं बोटं पसरून बसलेल्या प्रत्येकीला रंग दिसायला हवा असायचा. शेजारी पूर्वी एक ओव्हरसियर राहायचे, त्यांची बायको मुंबईची. तिच्याकडून सुभद्रा हे शिकली होती: नखं भिजवायची, लिंबाच्या फोडीनं घासायची, कडेची कातडी काडीला कापूस गुंडाळून मागं सारायची, आणि मग रंग तीन हातांत पुरा करायचा, एक मधे आणि दोन कडेला. अंबापेठेतल्या त्या गल्लीतली पोर लग्नाला उभी राहिली की हळदीच्या आदल्या दिवशी सुभद्राकडं यायचीच. चीनच्या लढाईच्या साली महिला मंडळानं जवानांसाठी आनंदमेळा भरवला, तेव्हा तर तिनं दोन दिवस सतरंजीवर बसून शंभरावर बायकांची नखं रंगवली होती. ज्यांनी जन्मात मेंदीपलीकडं काही लावलं नव्हतं, अशा बाया देशाच्या नावानं बोटं पुढं करून बसल्या होत्या आणि उठल्यावर हात पदराखाली लपवत घरी गेल्या होत्या.

पण त्या सगळ्या धडधाकट होत्या. 

"उद्या किती वाजता येते अकोल्याची मोटार?" शकुननं विचारलं.

"दहाच्या सुमाराले."

"मंग आजच झालेलं बरं. वाळाले टाइम भेटते."

सुभद्रानं मान खाली घातली आणि वाडग्यातलं बोट न् बोट चोळू लागली. खुशालराव येणार एवढंच शकुनला सांगितलं होतं. खुशालराव शकुनचा नवरा. आषाढात महादेवराव बहिणीला अकोल्याहून घेऊन आले, त्याला पाच महिने झाले होते, आणि या पाच महिन्यांत तो एकदाही फिरकला नव्हता. आता बुधवारी महादेवरावांच्या नावानं त्याचं कार्ड आलं होतं. 'रविवारी येतो. ठरल्याप्रमाणे सोडचिठ्ठीचा कागद करून आणतो. शकुनची प्रकृती कशी आहे ते कळवणे.'

कार्ड वाचून महादेवराव तांबडेलाल झाले होते.

"ठरल्याप्रमाने म्हने! कोनाशी ठरलं याचं? त्याच्या भावकीत बसून ठरवलं आसन. दुसरी करायची हाय त्याले. कायदा आडवा येते म्हून कागद पाह्यजे."

"शकुनले सांगाले लागन," सुभद्रा म्हणाली होती.

"तू सांग. माह्यानं नाही होत."

त्यानंतर गुरुवार गेला, शुक्रवार गेला. आज शनिवार, आणि शकुन नखं रंगवून मागत होती. नवरा येणार म्हणून. सुभद्रानं फडकं घेऊन तिची बोटं पुसली.

बशीत तिनं बिनरंगाचे आठ थेंब घेतले आणि लाल बाटलीतली काडी नुसती टेकवली. काडीनं ढवळलं तसा लाल धागा फिरत फिरत विरून गेला. स्वतःच्या अंगठ्यावर लावून तिनं शकुनला दाखवला.

"आनखी फिका."

आणखी चार थेंब पडले. शकुननं सुभद्राचा अंगठा उजेडाकडं वळवून बराच वेळ पाहिला.

"हा. असाच असते चांगल्या मानसाच्या नखाचा."

डाव्या हाताचं काम लवकर झालं. उजव्या हाताला वेळ लागला. त्या नखांवर फिका रंग धरेना, खालचा निळेपणा वर येई. सुभद्रानं एक हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला, मग तिसरा. बोटं इतकी फुगली होती की शेजारचं बोट बाजूला करायला तिला स्वतःचं बोट मधे घालावं लागत होतं. दुखत असणार, पण शकुन हूं की चूं करत नव्हती. तिचं सगळं लक्ष रंगाकडं होतं.

"शकुन," सुभद्रा अखेर म्हणाली, "उद्या भाऊजी येतीन, पन..."

"करंगळी राहिली वयनी."

सुभद्रानं करंगळी रंगवली. 

रविवारी टांगा दाराशी थांबला तेव्हा सुभद्रा ओसरीत तांदूळ निवडत होती. खुशालराव उतरला. धोतर, लांब कोट, हातात कापडी पिशवी. अंगानं तोही वाळला होता. त्यानं मागं वळून हात पुढं केला आणि टांग्यातून मुलीला, ललिताला, उतरवलं. आठ वर्षांची पोर, दोन घट्ट वेण्या, डोळे प्रवासानं लाल. मग टांगेवाल्यानं एक पत्र्याची पेटी खाली ठेवली.

सुभद्रा त्या पेटीकडं पाहत राहिली. दोन दिवसांच्या मुक्कामाला कोणी पेटी आणत नाही.

"या," एवढंच ती म्हणाली. महादेवराव बैठकीतून उठले नाहीत.

आत बाजेवर शकुन सकाळपासून तयार बसली होती. धुतलेलं हिरवं लुगडं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. ललिता दाराच्या चौकटीशी अडली. वडिलांच्या कोटाची कड तिनं मुठीत धरली होती. दवाखान्यातून आई अकोल्याला घरी आली तेव्हा या पोरीनं तिच्या हातचा घास खाल्ला नव्हता. ती काळीनिळी नखं पाहून ती किंचाळत आजीकडं पळाली होती. आजीनंही मग शकुनचं ताट-तांब्या वेगळा केला होता. हे सगळं सुभद्राला ठाऊक होतं. पण गेले चार दिवस तिला त्या कार्डाशिवाय काही आठवलंच नव्हतं.

शकुननं दोन्ही हात मांडीवर ठेवले, बोटं पसरून. 

पोरीनं आधी दुरूनच पाहिलं. मग एक पाऊल आत टाकलं, मग दुसरं. बाजेशी येऊन ती वाकली आणि आईच्या नखांकडं नीट पाहू लागली.

"आई, तू बरी झाली?"

"हो," शकुन म्हणाली. "पाह्य ना."

ललितानं एक बोट पुढं करून आईच्या अंगठ्याच्या नखाला लावलं. मग तिनं ते सुजलेलं बोट आपल्या मुठीत घेतलं आणि बाजेवर चढून आईला चिकटून बसली. शकुननं डोळे मिटले. सुभद्रा चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि चूल पेटलेली असूनही फुंकणी घेऊन बराच वेळ फुंकत राहिली.

चहा झाल्यावर सुभद्रानं ललिताला परसात बोरं वेचायला धाडलं. खुशालरावानं पिशवीतून कागद काढला. तो हातात तसाच राहिला.

महादेवराव आत आले. "लाज नाही वाटत तुमाले जवाईबुवा? मरनाच्या..." शब्द अर्धाच टाकून ते थांबले, शकुनकडं पाहून.

"दादा," शकुन म्हणाली, "त्यायले काही म्हनू नोको. मीनंच पत्र टाकलं होतं."

खुशालरावानं कागदाची घडी उलगडली.

"दिवाळीनंतर टाकलं. शेजारच्या मैनाबाईजवळ देल्लं पेटीत टाकाले. लिवलं का, तुमी दुसरं लगन करा. मी कागदावर अंगठा देते. पन ललिता माह्या वयनीपाशी राहीन. हे कागदात लिवून आना, अन् पोरीले संगं आना."

खुशालराव खाली पाहत म्हणाला, "मी वाचून दाखोतो. जसं लिवलं तसंच केलं हाय."

"वाचायचं काही नाही. दादा पाह्यते."

महादेवरावांनी कागद घेतला. वाचता वाचता ते खाटल्यावर बसले. सुभद्रा भिंतीशी उभी होती. तिच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती. देव झाले, डॉक्टर झाले, पदरात काही पडलं नव्हतं. कोणी त्याबद्दल बोललं की शकुनच विषय बदलायची.

"मले इचारलं नाही तू," सुभद्रा म्हणाली. 

"इचारलं असतं तं तू रडली असती. मंग माह्यानं लिवनं झालं नसतं."

"अवं पन तू बरी होशीन, तं कागद कायले..."

शकुननं तिच्याकडं पाहिलं. 

"मी गेल्यावर माहा अंगठा कोन मांगनार हाय, वयनी?" शकुन हळूच म्हणाली. "आज मांगून राह्यले, तवर मी पोरगी मांगून घेतली."

खुशालरावानं तोंडावरून हात फिरवला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं एवढंच. "पाच महिने मी आलो नाही," तो म्हणाला. "रोज ठरवायचो. मोटारीच्या अड्ड्यापरेंत येऊन वापस गेलो दोनदा."

"बरं झालं नाही आले," शकुन म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी तवा चांगली दिसत नव्हती."

तिला सही करायची होती. शाळेत ती चार इयत्ता शिकली होती. दिवाळीनंतर पत्र लिहिलं तेव्हा बोटं अजून वळत होती, पण आता टाक बोटांत धरवेना, दोनदा सुटून लुगड्यावर डाग पडला. शेवटी खुशालरावानं शाईची डबी उघडली. सुभद्रानं तिचं मनगट धरलं, डाव्या हाताचा अंगठा शाईवर टेकवला, मग कागदावर. उचलल्यावर शकुन म्हणाली, "पुसून दे वयनी लवकर. पोरगी येईन."

सुभद्रानं खोबरेल तेलाचा बोळा घेऊन अंगठा पुसला. शाई नखाच्या कडेला गेली होती. तिनं ती काडीनं काढली, आणि रंग निघाला होता तिथं बशीत पुन्हा तसाच फिका रंग कालवून लावला.

तीनच्या मोटारीनं खुशालराव गेला. निघताना त्यानं ललिताच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "मामीचं ऐकजो." ती बोरं खात होती. त्याला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, आई बरी झाली याच आनंदात होती. टांगा वळला तरी महादेवराव रस्त्यातच उभे होते.

संध्याकाळी सुभद्रानं पेटी उघडली. दोन फ्रॉक, एक परकर, पाटी, अंकलिपी, चिंध्यांची बाहुली. घड्या कोणीतरी घाईनं घातलेल्या. ती एकेक कपडा झटकून आपल्या लाकडी कपाटात खालच्या फळीवर ठेवू लागली. गेली कित्येक वर्षं त्या फळीवर भरलेली जुनी वर्तमानपत्रं तिनं आधीच काढून टाकली होती.

मग ती ललिताला पुढ्यात घेऊन बाजेशेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या वेण्या सोडल्या. एवढ्या पोरीचे केस तिनं कधी विंचरले नव्हते. फणी मधेच अडकली.

"आई गं!" ललिता ओरडली.

शकुन उशीवरून अर्धी उठली होती. "खालून सोडव वयनी. आधी टोकं, मंग वर. भांग डावीकडून, तिथं तिचा भोवरा हाय."

सुभद्रानं टोकं सोडवली. हळूहळू वर आली. भोवरा बोटाला लागला, तिथं ती थोडी थांबली.

"दुखते काय?"

"आता नाही," ललिता म्हणाली. एक वेणी झाली. पोरीनं बाजेकडं मान वळवली. "आई, माही दुसरी रिबिन कुठं ठेवली?"

शकुनच्या अगदी समोर, सुभद्राच्या मांडीआड, रिबीन पडली होती. तिला ती दिसत होती. तिनं तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मागं उशीला टेकली.

"मामीले इचार," ती म्हणाली.