न लंगडणारा पाय

"यांचे तळपाय रोज कुणीतरी बघत जा," श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी यशोधराच्या सासऱ्यांची, कारभारींची, रक्तातली साखर तपासून सांगितलं होतं. यशोधराने मान हलवली आणि सोडून दिलं. बी.ए. झालेली असली तरी सुनेने सासऱ्यांचे पाय उलटून बघायचे कसे? शिवाय दुखलं तर मामा सांगतीलच की.

मामांना दुखलंच नाही. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात ते काष्टीच्या बैलबाजारात दिवसभर हिंडून आले, तेव्हा ओसरीवर त्यांच्या पावलागणिक लाल ठिपका उमटला. तिकडे रांगत निघालेल्या लेकीला, सीमाला, यशोधराने झडप घालून उचललं. वहाणेतला खिळा अंगठ्याच्या बुडाशी रुतला होता.

"लोकांच्या बैलांचे खूर उचलून बघता, अन् सोताच्या पायाची खबर न्हाई," सासूबाई विमलबाई करवादल्या.

"लंगडलो का मी? जनावर लंगडत नसलं म्हंजी खूर धड हाय."

हळद भरून ते पुढच्या बाजारालाही गेले. जखम मिटेना. कडा पांढऱ्या पडल्या, वास येऊ लागला. यशोधराने त्यांना जीपमध्ये घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी जखम साफ केली, इन्शुलिन सुरू केलं. "साखरेनं नसा बधिर झाल्यात, म्हणून दुखत नाही. रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, मग जखम भरायला रक्त पोचणार कसं? जंतूंशी लढायची ताकदही कमी पडते. त्यात हे चालतात, म्हणजे जरा भरलेलं पुन्हा चिरडतात. पाय टेकवू नका, नाहीतर कापावा लागेल."

दुसऱ्या सकाळी मामा वहाणा शोधत होते. "दुखत न्हाई, तर बसून काय करू?"

यशोधरा दारात आडवी उभी राहिली. "मामा, खुरात खिळा गेलेला बैल औताला जुंपाल?"

"जुंपीन कसा? वाया जाईल की."

"आणि तो लंगडत नसला तर?"

कारभारींनी वहाणा शोधणं सोडलं. मग ते बाजेवर बसले. तिने सीमाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "धरा हिला, मला भाकरी थापायच्यात."

"म्हंजी मला दावनीला बांधलं म्हना," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

पेरण्या आटोपेपर्यंत जखम तळातून भरत आली, लालचुटूक मांस दिसू लागलं. "पाय वाचला," डॉक्टर म्हणाले. अजून पुरती मिटली नव्हती, पण यशोधराला आता झोप लागू लागली.

तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणाला साखर असेल, तर दुखतंय का म्हणून विचारत बसू नका. त्यांना उजेडात बसवा, पाऊल हातात घ्या आणि तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या आजच नीट बघा.