बिनआवाजाची नाव

माझा नवरा दौलत पैनगंगेवर नाव चालवतो. तेलंगणातल्या जैनथकडच्या आमच्या गावाची निम्मी शेतं नदीपलीकडे, महाराष्ट्रात आहेत. नाव बंद तर शेती बंद. या नावेवर डिझेलचं इंजिन होतं. ते सुरू झालं की काठावरची कुत्रीसुद्धा गप्प बसत, कारण भुंकून ऐकणार कोण? त्या इंजिनाशेजारी बसून दौलतनं जन्म काढला आणि कान घालवले. आदिलाबादच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डावा गेलाच, उजव्यात थोडं शिल्लक आहे. इंजिन सोडा, नाहीतर तेही जाईल.

लोकांना बहिऱ्या माणसाची गंमत वाटते. बायकोला वाटत नाही. घरात मी जे बोलते ते ओरडूनच. भाजीत मीठ कमी आहे हेही ओरडून आणि आमच्या लेकीला, शुभांगीला, दिवस गेलेत हेही ओरडून. शेजारची बयनाबाई लेकीचं अभिनंदन करायला दारात आली, तेव्हा बाप मला विचारत होता, कोण गेलं म्हणालीस? काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. त्या सांगणंच मी सोडून दिलं होतं. त्या उजव्या कानात जे थोडं उरलं होतं, ते मला हवं होतं.

म्हणून हट्ट मीच धरला. माझा भाचा राजकुमार आदिलाबादला बॅटरीच्या ऑटो दुरुस्त करतो. त्यानं इंजिन उपसून काढलं आणि पाण्यातल्या जुन्याच पंख्याला मोटर जोडली. बॅटऱ्यांना पाणी लागू नये म्हणून आधी त्या पुढे ठेवल्या, तर नावेनं नाकच पाण्यात खुपसलं. मग मधल्या फळीखाली सरकवल्या. पहिल्या संध्याकाळी नाव निघाली तेव्हा फळीला लागणारं पाणी ऐकू येत होतं. मला वाटलं, सुटले मी.

पण पलीकडच्या काठावर चिटपाखरू नव्हतं. बाया आज वेचणीला आल्याच नसतील असं समजून दौलत रिकामी नाव घेऊन परत आला. बाया आल्या होत्या, सकाळी नाव दुरुस्तीत म्हणून लांबच्या पुलावरून. कापूस वेचताना आमच्याकडे कुणी घड्याळ बघत नाही. नदीवर इंजिन वाजलं की कमरेची ओटी सोडायची, कापूस गाठोड्यात बांधायचा आणि काठाची वाट धरायची, ही इथली रीत. नाव पोचेपर्यंत बायाही पोचत. आता नाव आली काय अन् गेली काय, पऱ्हाटीत वाकलेल्या बायांना पत्ताच नाही. त्या दिवशी सगळ्या परतही त्याच पुलावरून, मिळेल त्या ऑटोनं घरी आल्या. त्यांच्यातल्या रेणुकाबाईनं मला चौकात उभं करून झाडलं. दौलतला झाडून उपयोग नव्हता, तो ऐकणार थोडाच.

तेव्हापासून रोज दिवस कलला की मी नावेतून पलीकडे जायची आणि बांधाबांधानं फिरून बायांना हाका मारायची. सकाळी घरचं, दुपारी स्वतःची वेचणी आणि मग हे. गुडघे बोलायला लागले, घसा बसला. एक दिवस रेणुकाबाईचे यजमान उद्धवराव भाजीवाल्याकडे असतो तसला भोंगा घेऊन आले आणि नावेवर, नेमका दौलतच्या डोक्याशी बांधून गेले. मी तो सोडून परत दिला. उद्धवराव चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पंचफुलाबाई, नाव लोकायसाठी हाय का दौलतच्या कानासाठी?"  

शेवटी दौलतनंच विषय संपवला. काल जेवताना म्हणाला, "बलावल्याबिगर लोक येऊनच नाई राह्यले तं नाव कायची? राजकुमारले फोन केला. उद्या इंजिन बसवते तो." कान जणू उद्धवरावांचे होते, याचे नव्हतेच. असा राग आला मला! पण भांडायचं म्हणजे पुन्हा ओरडायचं. ताट उचललं आणि आत गेले.

आज संध्याकाळी नेहमीसारखी नावेत जाऊन बसले, त्याच्या उजव्या अंगाला. मोटर असूनही नसल्यासारखी. नदीच्या मध्यावर आलो आणि समोरचे सगळे बांध दिसले, जे मला आत्ता तुडवायचे होते. मी कुणाला म्हणून बोलले नाही. तोंडातून आपसूक निघालं.

"दमली मी."

दौलत पुढे बघत होता, हात सुकाणूवर. त्यानं विचारलं, "कवापासून?"

हा कुणाला विचारतोय म्हणून मी मागे पाहिलं. नावेत आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. मी न ओरडता बोललेलं त्यानं ऐकलं होतं. किती वर्षांनी, देव जाणे. मला रडू आलं, आणि रागही आला. कवापासून म्हणजे काय, ताप आलाय का मला? काय सांगू, कुठून धरू? पदर तोंडाला लावून बसून राहिले.

नाव काठाला लागली. सवयीनं मी उतरायला उठले, तर त्यानं माझा हात धरला. "तू बस," म्हणाला. मग नावेतच उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि रेणुकाबाईच्या नावानं अशी हाक घातली की काठावरचे बगळे उडाले. इंजिनाच्या आवाजाच्या वर बोलत बोलत जन्म गेलेला गळा तो. पार लांबच्या वावरात एक डोकं वर आलं, मग दुसरं. एक बाई ओटी सोडू लागली.

त्याच आवाजात त्यानं राजकुमारला फोन केला, उद्या येऊ नको, इंजिन तिकडंच विकून टाक. ते बहुतेक वावरातल्या बायांनीही ऐकलं असेल.

बाया यायला अजून वेळ होता. दौलत माझ्याशेजारी फळीवर बसला आणि उजवा कान माझ्याकडे केला. हळू बोलायची सवय मोडलेली, त्यामुळे आवाज मधेच फाटला.

"आता सांग," म्हणाला.