चाळीस अंश

तंत्रज्ञ मुलीने खारूच्या डाव्या डोळ्यावर पट्टी चिकटवली, कडा बोटाने दाबल्या आणि तिची हनुवटी यंत्राच्या खोबणीत नीट बसवली. समोर घमेल्याएवढा पांढरा अर्धगोल होता, आतून मंद उजळलेला.

“मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला बारीक दिवा लागेल. लागला की बटण दाब. मान हलवायची नाही.”

“श्वास घेतला तर चालेल?”

“घ्यावाच लागेल.”

भिंतीजवळच्या स्टुलावर बसलेल्या आईने तोंडावर हात धरून हसू दाबलं.

खारू नऊ वर्षांची होती. खारीसारखी मान झटकन इकडेतिकडे वळवून बघायची, म्हणून घरात ते नाव पडलं होतं. ती सवय मात्र नुसती खोडकर नव्हती. ती एका जनुकातल्या दोषामुळे जन्मतः बहिरी होती, कानामागच्या यंत्राने ऐकायची; आणि त्याच दोषामुळे तिच्या डोळ्यांतला पडदा कडेकडून निकामी होत चालला होता. समोरचं तिला सुईच्या नेढ्यापर्यंत दिसे. बाजूचं दर वर्षी थोडं थोडं मिटत होतं. गेल्या वर्षी नजरेची रुंदी वीस अंश भरली होती. पंधराच्या खाली आली की पांढरी काठी शिकवायला सुरुवात करायची, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आज त्या एका आकड्यासाठी दोघी आल्या होत्या.

सात मिनिटं खोलीत कोणी बोललं नाही. खारूचा अंगठा तेवढा हलत होता. मग पट्टी दुसऱ्या डोळ्यावर गेली आणि आणखी सात मिनिटं गेली.

छापून आलेला कागद तंत्रज्ञाने दोनदा वाचला. चाळीस अंश.

“काय आलं?” आईने विचारलं.

तंत्रज्ञाने कागद पुढे केला. या आजारात गेलेलं परत येत नाही, हे ती महाविद्यालयात शिकली होती आणि गेली चार वर्षं या खोलीत रोज बघत होती.

आई कपड्यांच्या दुकानात मापं दुरुस्त करायचं काम करायची. तिने पिशवीतून मागच्या वर्षीचा कागद काढला, दोन्ही एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या आणि खिडकीच्या उजेडात धरले. बराच वेळ धरून ठेवले. एकदा तिचा हात घरी कळवायला मोबाइलकडे गेला आणि मागे आला.

“हे माप हिचं नाही,” ती म्हणाली.

“लहान मुलं दमतात, ताई. कधी कधी उगाच बटण दाबत सुटतात.”

“परवाच कपाटाचं उघडं दार कपाळाला लागलं हिच्या. चाळीस असते तर लागलं असतं?” आईने कागद खाली ठेवले. “हा कागद डॉक्टरांकडे गेला तर वर्षभर काठीचं नाव निघणार नाही. मला ते फार आवडेल, मॅडम. म्हणूनच नको. चुकीच्या मापाचं शिवलेलं शेवटी हिलाच घालायचंय.”

तंत्रज्ञ पुन्हा यंत्राच्या पडद्याकडे वळली. यंत्रात चोर पकडायची एक सोय होती. मधूनच ते दिवा दाखवल्याचं नुसतं सोंग करायचं. त्या वेळी बटण दाबलं की चूक नोंदली जायची. खारू बाराच्या बारा वेळा सापडली होती. पण एरवी एकही दाब वावगा नव्हता. उगाच दाबणारं मूल असं नियमाने दाबत नाही.

“खारूताई, खरं सांग. सगळे दिवे दिसले तुला?”

“नाही.”

“मग बटण का दाबलंस?”

“लागले होते म्हणून.” खारूला या प्रश्नाचंच नवल वाटलं. “दिवा लागायच्या आधी टिक् होतं ना. काही दिसत नाहीत, पण टिक् झालं म्हणजे लागला असणार.”

“कुठे टिक् होतं?”

“आत.”

तंत्रज्ञाने पंखा बंद केला. एसी बंद केला. दार लावून घेतलं आणि यंत्र रिकामंच चालू करून अर्धगोलात डोकं घातलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा श्वास रोखल्यावर आलं: कागदाला नखाचं टोक लागावं तेवढंच. आतला आरसा वळत होता. सोंग करतानाही तो तसाच वळत होता.

“आहे,” ती डोकं बाहेर काढत म्हणाली. “अहो, खरंच आहे! चार वर्षं बसतेय मी इथे.”

“बघू.” आईने डोकं आत घातलं. बऱ्याच वेळाने बाहेर काढलं. “मला नाही येत. दुकानात दिवसभर बारा मशिनी. माझे कान कधीच कामातून गेले.”

“मला येतो तो आवाज,” खारू म्हणाली. “फुकटचा. बसल्या बसल्या.”

“फुकटचा म्हणे!” आई तंत्रज्ञाकडे वळली. “दोन वर्षांची असताना ऐकू यावं म्हणून कानाचं ऑपरेशन झालं. मग रोज सकाळी मी पडद्यामागे बसून चमचा वाजवायची. ऐकू आला की हिने डब्यात मणी टाकायचा. चार महिने एक मणी पडला नाही. चमचा वाकला. हिचे बाबा म्हणाले, आता परात घे.” ती हसली आणि ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. “आताचा हा कानामागचा प्रोसेसर नवा आहे. तीन महिने झाले. उपयोग होतोय की नाही, तेच कळत नव्हतं.”

पुन्हा चाचणी घ्यायची तर तो काढावा लागणार होता. तंत्रज्ञाला ते सांगावं लागलं नाही. खारूने केसांत हात घालून डोक्याला चिकटलेली चकती सोडवली, कानामागचा प्रोसेसर काढला आणि दोन्ही आईच्या तळहातावर ठेवलं. आता तिला काही ऐकू येणार नव्हतं, आणि तोंड अर्धगोलात घातल्यावर कोणाचे ओठही दिसणार नव्हते.

“तिला सूचना कशी द्यायची?” तंत्रज्ञाने विचारलं.

“तुम्ही मला खूण करा.” आईने स्टूल जवळ ओढून खारूच्या पाठीवर हात ठेवला. एक थाप म्हणजे सुरू. दोन म्हणजे विश्रांती. बोट गोल फिरवलं की झालंच आता, थोडं राहिलं. खारूचा अंगठा आता क्वचित हलत होता. लांब लांब थांबत होता. आईचे डोळे त्या अंगठ्यावर होते. पाठीवरचा हात मात्र जागचा हलला नाही.

अकरा अंश.

खारूने चकती परत चिकटवली. “किती?”

“अकरा,” आईने लगेच सांगितलं. “कमी झालंय. सोमवारपासून काठी शिकायची.”

खारू खाली जमिनीकडे बघत राहिली. “शाळेत पण न्यायची?”

“शाळेत पण.”

“मधल्या सुट्टीत कोणी हात लावला तर?”

“तुझी काठी. तू ठरव.”

“दहा मिनिटं देईन. वर्गात ऐकू न आलेला शब्द मला लिहून दाखवणाऱ्यालाच,” खारू म्हणाली.

तंत्रज्ञाने अकराचा कागद डॉक्टरांसाठी वेगळा ठेवला आणि चाळीसचा उचलला. “हा फाडावा लागेल. बाद चाचणी आम्ही बाहेर देत नाही.”

“फाडू नका हो,” आई म्हणाली. “डोळ्यांच्या फायलीत नाही लावणार. हिच्या कानांची फाइल वेगळी आहे.”

तंत्रज्ञाने ड्रॉवरमधून शिक्का काढून चाळीसच्या आकड्यावर ‘बाद’ असा ठसा उमटवला. खाली कारण लिहायची रेघ होती. तिथे एरवी ती ‘रुग्ण दमला’ लिही, नाहीतर ‘सहकार्य नाही’. तिने पेन उघडलं आणि नीट, सुटसुटीत अक्षरात लिहिलं: रुग्णाला ऐकू येते.