दोरी कोणी ओढायची

महादेवप्पांनी पत्रिकेच्या प्रुफावरचं सरजाबाईंचं नाव लाल पेनानं खोडलं. पेन रेणुकादास सरांचं होतं. पेपर तपासता तपासता त्यांनी ते क्लासच्या मालकांच्या हातात दिलं होतं.

"यंदा सव्वीस जानेवारीला झेंडा येन्सनसाहेब फडकवतील," महादेवप्पा म्हणाले. "दिल्लीला दरसाल परदेशी नेता बोलावत्यात. आपल्या क्लासला तर चार जिल्ह्यांची पोरं हायत."

येन्सनसाहेब डेन्मार्कमधल्या कुठल्याशा गावचे नगरसेवक होते. भूकंपानंतर त्यांच्या गावानं इकडं पन्नास घरं बांधून दिली होती. त्यांत कुणी राहतं का, हे बघायला ते लातूरला आले होते. प्रुफावर ते 'आंतरराष्ट्रीय नेते' झाले.

"अप्पा, दसऱ्याला तुम्ही सरजामावशींना झेंड्याचा शब्द दिलाय," सर म्हणाले.

"मावशी कुठं पळून चालल्यात? पुढच्या साली बघू."

सरजाबाई क्लासच्या खानावळीत भाकरी करायच्या. भूकंपात घरातली चार माणसं गेली, त्यानंतर वर्षभरानं त्या इथं आल्या, त्याला पाच वर्षं झाली. शब्द मिळाल्यापासून त्या सरांना रोज एकच विचारायच्या, "सर, दोरी उजव्या हातानं वढायची का डाव्या?" सर फिजिक्स शिकवत. कुठल्याही हातानं चालेल, असं ते रोज सांगत.

सरांनी शेवटचा मुद्दा काढला.

"दिल्लीत पाहुणा झेंडा फडकवत नाही, अप्पा. तो नुसता बसून बघतो. फडकवतात राष्ट्रपती."

महादेवप्पांनी विचार केला. खताचं दुकान मोडून क्लास काढतानाही त्यांनी एवढा केला नव्हता.

"बरं झालं बोललात. म्हंजे घरच्या मालकानंच फडकवायचा असतोय."

त्यांनी येन्सनसाहेबांना पाहुण्यांच्या ओळीत हलवलं आणि झेंड्यापुढं स्वतःचं नाव लिहिलं. मुद्दा बरोबर निघाला की कधीकधी असं होतं, हे सर मुलांना शिकवत नसत.

आता सरजाबाईंना कुणीतरी सांगायला हवं होतं. तेवीसला टेस्ट होती. चोवीसला टेस्टचे पेपर होते. पंचवीसला त्या स्वतःच आल्या आणि म्हणाल्या, "चाकूरहून बहीण यायलीय, सर. मी झेंडा लावलेला बघायला."

"बरं," सर म्हणाले.

सव्वीसला सकाळी मैदानावर मुलं रांगा धरून उभी होती. खांबाजवळ सरजाबाई, नवं हिरवं लुगडं नेसून, शेजारी बहीण. सर तिकडं निघाले. सांगायचं वाक्य त्यांनी दोनदा मनात घोळवलं होतं.

तेवढ्यात फाटकातून जीप आत आली. येन्सनसाहेब उतरले. उंच, गोरे, गळ्यात कॅमेरा.

सरजाबाईंनी त्यांना पाहिलं. खांबावरचा हात काढला, पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीच्या कडेला जाऊन खाली मातीत बसल्या. बहिणीलाही दंडाला धरून शेजारी बसवलं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहताना परदेशी पाहुणा आला, की सगळ्यांना असंच ओळीनं बसवत. आधी फोटो, मग भाषण, मग ब्लँकेट.

सर जवळ गेले.

"मावशी, तुम्हाला एक..."

"बसले की, सर." त्यांनी हात जोडलेलेच होते. मग बहिणीकडं वळून हळूच म्हणाल्या, "हासू नको गं. हासलं की दुसऱ्यांदा काढत्यात."

खांबापाशी महादेवप्पांनी दोरी हातात घेतली होती आणि ते पाहुण्यांना हाक मारत होते. येन्सनसाहेबांनी एक बोट वर करून त्यांना थांबवलं, दोघी बायकांकडं वळून कॅमेरा डोळ्याला लावला आणि सरांना हातानं खूण केली.

सर फोटोतून बाजूला झाले.