लोणी म्हणजे बस

अर्धांगाच्या झटक्यातून उठल्यावर वीब्रनचे पाय हळूहळू सुधारले, उजवा हातही कामापुरता चालायला लागला, पण शब्द मात्र हरवले ते हरवलेच. चहा मागायला जावं तर तोंडातून ‘खिडकी’ यायचं. बायकोला, हिस्केला, हाक मारायची तर ‘बाजार’ निघायचं. ग्राऊ गावच्या कालव्यावरचा पूल बोटींसाठी उघडण्या-मिटण्यात ज्याचा जन्म गेला, तो बोलका माणूस आता दारावरची घंटा वाजली की मागच्या खोलीत जाऊन बसे. लोक त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडून बोलत, नाहीतर त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकत. हिस्केही तेच करी. आपण त्याचा त्रास वाचवतोय, असं तिला वाटे.

कुत्रं पाळायची कल्पना वीब्रनचीच. रस्त्यानं जाणाऱ्या एका कुत्र्याकडे त्यानं बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

“बरं बाबा,” हिस्के म्हणाली, “पण छोटंसं हं. मांडीत मावेल असं. तुझा हात असा, माझे गुडघे असे.”

तिनं वाचनालयातून कुत्र्यांच्या जातींचं पुस्तक आणलं आणि पूडलचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. “हे बघ. केस गळत नाहीत, हुशार आहे, घरात राहील.”

वीब्रननं नाक मुरडलं आणि पानं उलटत गेला. जर्मन शेफर्ड गेलं, लॅब्राडोर गेलं. एका काळ्या-पांढऱ्या, लांब केसांच्या कुत्र्यावर त्याचा हात थांबला. ते स्टाबाय होतं, नेदरलँड्समधल्या त्यांच्याच फ्रीसलंड प्रांताचं. पूर्वी शेताशेतांतून चिचुंदऱ्या पकडत हिंडणारं.

“अरे, हे शेतातलं कुत्रं! याला रोज लांब फिरवावं लागतं. कोण फिरवणार?”

वीब्रननं छातीवर दोनदा बोट आपटलं. बऱ्याच महिन्यांत तो एवढा हट्टाला पेटला नव्हता, म्हणून हिस्केनं मान डोलावली.

पिल्लं पाहायला ते स्टाबाय पाळणाऱ्या गोसेच्या शेतावर गेले. सगळ्यांत आधी धावत आलेलं, बुटाची नाडी ओढणारं पिल्लू हिस्केला फार आवडलं. गोसेनं मान हलवली. “ते नको. ते तुम्हाला ओढत कालव्यात नेईल. ती मागं बसलीय ना, ती न्या. ती आधी बघते, मग हलते.”

मागं बसलेली ती छोटी कुत्री वीब्रनकडेच बघत होती. तिचं नाव त्यांनी फोक्ये ठेवलं.

खरी पंचाईत शिकवताना झाली. गावाबाहेरच्या मैदानावर शनिवारी सकाळी आल्त्ये नावाची बाई कुत्र्यांचा वर्ग घ्यायची. पहिल्याच दिवशी वीब्रन फोक्येपुढे उभा राहिला, हात वर केला आणि ठणकावून म्हणाला, “लोणी!”

मैदानावर कुणीतरी फिस्सकन हसलं. हिस्केचे कान तापले. “बस म्हण रे, बस! लोणी काय?”

“लोणी,” वीब्रन पुन्हा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“म्हणू द्या त्यांना,” आल्त्ये म्हणाली. “कुत्र्याला काय, ‘बस’ काय आणि लोणी काय! शब्द तोच हवा, हात तोच हवा आणि बसल्यावर खाऊ लगेच हवा. एवढं जमलं की झालं.”

“पण मग हा नीट बोलायला कधी शिकणार?”

“ते मला नाही ठाऊक. मी कुत्री शिकवते.”

हिस्के घरी येईपर्यंत धुसफुसत होती. पुढचे कित्येक दिवस दोघांची ओढाताण चालली. ती स्वयंपाकघरात “बस, फोक्ये, बस” करी आणि फोक्ये शेपूट हलवत उभीच राही. वीब्रन अंगणात “लोणी” म्हणे की बूड टेकलंच. जवळ बोलवायला त्याच्या तोंडी ‘पूल’ आला होता. कधी जीभ घसरून तिसरंच काही निघालं तर फोक्ये मान तिरकी करून वाट बघे. तोही थांबे, डोळे मिटून शब्द शोधे आणि पुन्हा म्हणे. ती अर्ध्यावर तोडत नसे की ओरडत नसे. हिस्के खिडकीतून हे बघे आणि तिला उगीचच लाज वाटे.

एका दुपारी दोघं फोक्येला बांधावर फिरवत होती. हिस्केच्या हातातला पट्टा निसटला आणि तेवढ्यात समोरून ससा उसळला. फोक्ये सुसाट निघाली, थेट मोटारींच्या रस्त्याच्या दिशेनं.

“फोक्ये! ये! इकडे ये!” हिस्के जिवाच्या आकांतानं ओरडली. कुत्री वळेना.

वीब्रननं तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण शब्द येईना. त्यानं हिस्केचा दंड घट्ट धरला आणि तिच्याकडे पाहिलं. असं तो पाहायचा तेव्हा आजवर ती त्याला बरोबर शब्द सांगायची.

“पूल!” हिस्के म्हणाली. “अरे, पूल!”

“पूऽऽल!” वीब्रनचा आवाज बांधभर घुमला.

फोक्ये जागच्या जागी थबकली, वळली आणि कान उडवत परत आली. वीब्रन चिखलात गुडघे टेकून बसला आणि तिच्या मानेत तोंड खुपसून हसायला लागला. हिस्के मात्र रडत होती.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “शिकव मला. सगळे शब्द शिकव.”

त्यानंतर घरात त्याचीच भाषा सुरू झाली. शेजारची मंडळीही कुंपणावरून “लोणी!” म्हणू लागली. फोक्ये बसली की वीब्रन दारात येऊन त्यांच्याशी एखादा शब्द बोले. कधी तो बरोबर असे, कधी नसे. लोक थांबायला शिकले.

वसंतात हिस्के वर्षभरानं पहिल्यांदा गाण्याच्या मंडळात एकटी गेली. परतली तेव्हा आतून वीब्रनचा आवाज येत होता. तो फोक्येला काहीतरी लांबलचक सांगत होता. त्यात कांदे होते, मंगळवार होता, शिडी होती आणि मधूनच अगदी स्वच्छ असं ‘माझी शहाणी’ होतं. हिस्केनं कोट काढला, हळूच खुर्ची ओढली आणि ऐकत बसली.