रविवारच्या शाळेचा चिवडा

वल्लरी देवस्थळीने स्वतःबद्दल जगाला सांगायचं काय बाकी ठेवलं होतं? मोडलेलं लग्न सांगून झालं होतं. पहिल्या सिनेमातून काढून टाकलं, ते सांगून झालं होतं. शाळेत डब्यातली भेंडी बाथरूममध्ये लपून खायची, हेसुद्धा तिने लाखो लोकांसमोर हसत हसत सांगितलं होतं. एकच गोष्ट तिच्या तोंडून कधी निघाली नव्हती. कॉलेजात असताना ती एका सोरॉरिटीत होती, ही. आणि नेमकी तीच गोष्ट न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या अस्मिताला गेली नऊ वर्षं खुपत होती.

सोरॉरिटी म्हणजे इथल्या, अमेरिकेतल्या कॉलेजातलं मुलींचं मंडळ. तीन ग्रीक अक्षरांचं नाव, हाताची एक ठरलेली खूण, आणि एकदा आत गेलं की मरेपर्यंत एकमेकींच्या बहिणी. इथली मोठी माणसं हे अंगावर मिरवतात. नट्या बक्षीस घ्यायला जातात आणि स्टेजवरून आपल्या मंडळाची खूण करतात, की लगेच प्रेक्षकांतून दहा हात वर येतात. अस्मिता, वल्लरी आणि आणखी पाच देशी मुलींनी २००१ साली आपलं स्वतःचं मंडळ काढलं, कारण जुन्या मंडळांत त्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. पुढे सगळ्या नोकरीधंद्याला लागल्या. अस्मिता औषधांच्या कंपनीत गेली, वल्लरी टीव्हीवर.

नऊ वर्षांपूर्वी एका मुलाखतीत वल्लरीला सरळच विचारलं होतं, की तू सोरॉरिटीत होतीस का. अस्मिताने ऑफिसातल्या चार जणींना मुद्दाम बघायला सांगून ठेवलं होतं. वल्लरी हसली आणि कॉलेजच्या डायनिंग हॉलमधला पिझ्झा किती वाईट होता याच्यावर घसरली. संपला विषय. दुसऱ्या दिवशी ऑफिसात अस्मिताला तोंड लपवावंसं वाटलं. मोठी झाली, आता आमची लाज वाटते, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. त्या वर्षीपासून वल्लरीला वाढदिवसाचा मेसेजही गेला नाही.

अस्मिता मात्र मंडळाला धरून राहिली. अकरा वर्षं ती तिथली सल्लागार होती. दर रविवारी मुलींची मीटिंग व्हायची आणि मीटिंगच्या सुरुवातीला स्टीलच्या डब्यातून चिवडा फिरायचा. नव्या मुली तो अगदी प्रसादासारखा हातावर घ्यायच्या. पहिल्यापासूनची पद्धत आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि का, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

यंदा तो डबा फिरवायला सहाच मुली उरल्या होत्या. सत्र संपेपर्यंत दहा झाल्या नाहीत तर मान्यता रद्द, असं युनिव्हर्सिटीचं पत्र आलं होतं. चोवीस वर्षांचं मंडळ बंद पडणार होतं आणि तेही अस्मिताच्या हातून. अशात बातमी आली, की गुरुवारी संध्याकाळी वल्लरी देवस्थळी युनिव्हर्सिटीत बोलायला येते आहे. मंडळाची अध्यक्ष सिया, इथेच एडिसनमध्ये जन्मलेली आणि हार मानणं ठाऊक नसलेली, धावत अस्मिताकडे आली.

"मावशी, तिने स्टेजवरून फक्त एकदा आपलं नाव घेतलं ना, तर मुली लाइन लावतील. यू नो हर, यार. तू एक टेक्स्ट कर ना, प्लीज."

अस्मिताला तो मेसेज लिहायला दोन दिवस लागले. अडला हरी म्हणतात तशी गत. शेवटी दोनच ओळी पाठवल्या. उत्तर पाच मिनिटांत आलं. गुरुवारी चार वाजता ये, एकटीच ये, आणि इतकी वर्षं होतीस कुठे?

स्टेजमागच्या छोट्या खोलीत वल्लरी मेकअपच्या खुर्चीत बसून केळं खात होती. तिने उठून अस्मिताला मिठी मारली, आणि ती इतका वेळ सोडेना की अस्मिताने रस्त्यात पाठ करून आणलेलं भांडण विसरायला झालं. तरी तिने ते जमेल तसं केलं. मुलाखत काढली, पिझ्झा काढला, ऑफिसातल्या चार जणी काढल्या.

मग वल्लरी म्हणाली, "चारुताच्या बाबांना कळलंय का पण?"

"चारुताच्या बाबांना? त्यांचा काय संबंध?" अस्मिताने विचारलं.

"लाँड्री रूममध्ये आपण शपथ घेतली होती. तू लिहिली होतीस, बये. चारुताच्या घरी चालेल तेव्हाच, तोपर्यंत बाहेर कुणी बोलायचं नाही. सातही जणींनी सही केली होती."

तेव्हा अस्मिताला सगळं आठवलं आणि पायाखालची जमीन थोडी सरकली. चारुता ही सातांतली सगळ्यात भित्री. तिचे वडील राजारामकाका कडक. कुठल्याशा मंडळात नव्या मुलांचे हाल केल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती आणि लेकीला बजावलं होतं, त्या भानगडीत दिसलीस तर कॉलेज बंद, घरी बसायचं. मग चारुताने थाप मारली. दर रविवारी मी लहान मुलांच्या मराठी शाळेत शिकवायला जाते, म्हणाली. काकांना इतका आनंद झाला की ते दर शनिवारी पार्सिपनीहून ड्राइव्ह करून यायचे आणि शाळेतल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने केलेला पातळ पोह्यांचा चिवडा देऊन जायचे. वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी असायची, 'रविवारच्या मराठी शाळेसाठी'. सात घोडनवऱ्यांनी तो चिवडा तीन वर्षं खाल्ला.

अस्मिताने शपथ लिहिली आणि विसरली. पुढे फेसबुक आलं, लिंक्डइन आलं, सगळ्यांनी तिथे मंडळाचं नाव टाकलं. अस्मितानेही टाकलं होतं. काही बिघडलं नाही, कारण काका तिकडे कधी फिरकलेच नाहीत.

"तुमचं लिंक्डइन काका बघत नाहीत गं," वल्लरी म्हणाली. "माझी प्रत्येक मुलाखत दोनदा बघतात. नंतर माझ्या मराठीच्या चुका काढून ईमेल करतात. मी चारुताची रूममेट होते. मी तोंड उघडलं की त्यांना पहिलं कळणार, की शाळा नव्हतीच."

चोवीस वर्षं. एवढ्या मुलाखती, एवढे टपलेले पत्रकार, आणि या बडबड्या बाईने एका मैत्रिणीच्या थापेपायी तोंडाला कुलूप लावलं होतं. अस्मिताला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती. आपण जिला गर्विष्ठ ठरवून बसलो, ती आपल्या सगळ्यांपेक्षा उंच निघाली, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मंडळाचं काय होणार आहे ते वल्लरीला सिया आणि तिच्या मैत्रिणींच्या पोस्टवरून ठाऊक होतं. पैसे देते, मुलींना खाजगीत भेटते, म्हणाली. स्टेजवरून मात्र नाही.

बाहेर येऊन अस्मिताने चारुताला फोन लावला. चारुता आता नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला असते, वडील तिच्याकडेच. ती आधी रडली. बाबा ऐंशीचे झाले, कार्यक्रम लाइव्ह लागणार म्हणून आत्तापासून टीव्हीसमोर बसलेत, तासभर आधी आंघोळ करून, म्हणाली. आता काय सांगू त्यांना? अस्मिताने जोर केला नाही. फक्त सांगितलं, की वल्लरी अजून शपथ पाळते आहे. चारुताने फोन ठेवून दिला.

सभागृह भरून गेलं होतं. वल्लरीने तासभर सगळ्यांना हसवलं. प्रश्नांची वेळ आली तशी सिया सगळ्यांत आधी माइकपाशी जाऊन उभी राहिली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने तीच गोष्ट विचारली. तुम्ही इथे शिकताना कुठल्या सोरॉरिटीत होतात का?

वल्लरीने सियाच्या टी-शर्टावरची तीन अक्षरं पाहिली. ती स्वतः एकेकाळी लाँड्री रूमच्या फरशीवर बसून तसलीच अक्षरं कापडातून कापत होती. क्षणभर तिचा चेहरा उतरला. मग ती हसली आणि डायनिंग हॉलच्या पिझ्झ्यावर घसरली. लोक खो खो हसले. सिया मान खाली घालून जागेवर परतली आणि बाकीच्या पाच जणींकडे तिला बघवेना.

नऊ वर्षांपूर्वी हेच उत्तर ऐकून अस्मिता चिडली होती. एवढंसं वचन पाळायला केवढी छाती लागते, ते आज तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं.

तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. चारुताचा मेसेज होता. अस्मिताने तो दोनदा वाचला. चारचौघांत बोलायचं म्हटलं की जिला घाम फुटायचा, ती अस्मिता उठली, रांगेतल्या मुलांची माफी मागत माइकपाशी गेली आणि भर सभेत मराठीत म्हणाली, "वल्लरी, कॅरीहून राजारामकाकांचा निरोप आहे. ते म्हणतात, माझा चिवडा कोणी कोणी खाल्ला, त्यांची नावं मला आत्ताच्या आत्ता कळली पाहिजेत."

निम्म्या सभागृहाला काही समजलं नाही. वल्लरीने हातातला माइक खाली ठेवला. दोन्ही हातांनी चेहरा झाकून ती तशीच उभी राहिली, आणि लोकांना वाटलं हाही विनोदच. मग तिने डोळे पुसले, माइक उचलला, थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि "काका, लिहून घ्या," म्हणून एकेक नाव घेतलं. चारुताचं पहिलं. अस्मिताचं सहावं, शपथ लिहून विसरणारी म्हणून. सातवं स्वतःचं. त्यानंतर इंग्रजीत मंडळाचं नाव घेतलं आणि हाताची खूण केली. सिया खुर्चीवर चढली. सहा हात वर आले, आणि सातवा अस्मिताचा.

पुढच्या रविवारी मीटिंगला खुर्च्या कमी पडल्या. अकरा नव्या मुली आल्या होत्या आणि दोघी तर जमिनीवर बसल्या. अस्मिताने दुकानातून आणलेलं चिवड्याचं पाकीट पिशवीतच ठेवलं, कारण शनिवारी तिच्या दारात कॅरीहून एक खोकं येऊन पडलं होतं. त्यात पातळ पोह्यांचा चिवडा होता, चांगला चार-पाच किलो. वर चिठ्ठी होती. अक्षर आता थोडं कापरं झालं होतं.

'रविवारच्या मराठी शाळेसाठी. शाळा बंद पडू देऊ नये.'